पंडित विष्णु दिगंबर आणि त्यांचे विद्यालय

थोर पुरुषांची चरित्रे लिहू लागले म्हणजे आमच्याकडील लेखकांस दोन मोह आवरत नाहीत. एक, चरित्रनायकास साधु बनविण्याचा. आणि दुसरा, त्याने जे जे केले ते ते त्याच्यापूर्वी कोणीच केले नव्हते असे ठासून सांगण्याचा. गायनाचार्य पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांच्या वाट्यास हे दोन्ही प्रकार पुरेपूर आलेले आहेत. त्यांपैकी पहिल्यास निदान थोडा आधार आहे, कारण उत्तर वयात त्यांनी स्वतःच भगवी वस्त्रे धारण केली होती. दुसऱ्यास मात्र तो नाही. लाहोरास १९०१ साली निघालेले गांधर्व महाविद्यालय ही हिंदुस्थानातील संगीताची पहिली शाळा, असे सरसकट म्हटले जाते. परंतु पुण्यातील गायन समाज १८७४ सालचा, आणि बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली मौलाबक्ष यांची गायनशाळा १८८६ पासून चालू होती. पंडितजींच्या आधी शाळा होत्या, शिक्षक होते, स्वरलिपी लिहिण्याचे प्रयत्नही झालेले होते. नव्हता तो एवढाच प्रकार की, ऐन उमेदीतला, मैफली गाजविणारा एक गवई उठतो, संस्थानिकाची चाकरी न पत्करता परमुलखात जातो, आणि लोकांच्या वर्गणीवर व आपल्या गळ्याच्या कमाईवर एक विद्यालय उभे करितो. त्या विद्यालयाने त्या गवयाचे काय केले, हे पाहण्याचा आमचा येथे विचार आहे.

विष्णुपंतांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. मूळ आडनाव गाडगीळ. पलूस गावावरून पलुस्कर हे नाव पडले. वडील दिगंबरपंत हे कीर्तनकार होते. चरित्रकार ही गोष्ट एका ओळीत सांगून पुढे जातात, पण आम्हांस ती फार महत्त्वाची वाटते. कीर्तनकार हा दरबारी गवई नव्हे. त्याच्यापुढे ब्राह्मण, कुणबी, बायका, मुले सगळीच बसलेली असतात; त्याला गाऊन सांगावयाचे असते आणि सांगून गावयाचे असते; आणि शेवटी आरतीचे ताट फिरते त्यात ज्याला जे सुचेल ते तो टाकतो. म्हणजे लोकांनी आपखुशीने दिलेल्या पैशावर गायन चालविता येते, हा धडा विष्णुपंतांस घरीच मिळालेला होता. पुढे लाहोरास ज्याला लोक नवी कल्पना म्हणून नावाजू लागले, तिचे मूळ कुरुंदवाडच्या देवळात सापडेल.

लहानपणी दारूकामातील भडका तोंडावर उडून त्यांची दृष्टी कायमची अधू झाली. उपचारांसाठी मुलास मिरजेस आणले. शाळेच्या अभ्यासाची आशा सुटली. आणि गळा चांगला आहे असे पाहून मिरजेच्या अधिपतींच्या आश्रयाने त्यास पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांजपाशी गाणे शिकण्यास ठेविले. बाळकृष्णबुवांनी स्वतः अतोनात हाल सोसून ग्वाल्हेरच्या वासुदेवबुवा जोशांकडून ती गायकी मिळविली होती, आणि महाराष्ट्रात ती रुजविण्याचे श्रेय त्यांजकडेच जाते. असा गुरु लाभणे हे भाग्यच. पण त्या भाग्याची रीतही ध्यानात घेतली पाहिजे. गुरुगृही राहावयाचे, पडेल ते काम करावयाचे, आणि गुरूची लहर लागेल तेव्हा जे कानी पडेल ते टिपावयाचे. एकच पलटा महिनोन्महिने घोटावयाचा. का, असे विचारावयाचे नाही. लिहून घेण्याची सोय नाही, क्रम नाही, अमुक वर्षांत अमुक येईल असा भरवसा नाही. या रीतीने जो तयार होई तो पक्का होई, यात शंका नाही. परंतु दहांतून नऊ अर्ध्या वाटेवर गळून जात, आणि त्यांचा हिशेब कोणी ठेविला नाही. आम्ही स्वतः जन्मभर वर्गांत शिकविण्याचाच धंदा केलेला असल्यामुळे आमचे मन या गळालेल्या नवांकडे अधिक जाते, हे वाचकांनी समजून घ्यावे.

विष्णुपंत दहावे होते. सन १८९६ च्या सुमारास ते मिरजेहून बाहेर पडले तेव्हा त्यांचे वय चोविशीच्या घरात होते आणि गळा तयार होता. बाहेर पडण्याचे कारण म्हणून एक गोष्ट त्यांच्या शिष्यवर्गात सांगितली जाते. गावातील एका समारंभास आश्रित विद्यार्थी या नात्याने विष्णुपंतांस आमंत्रण आले, पण खुद्द बाळकृष्णबुवांस आले नाही; का, असे विचारता, ते तर गवई, असे उत्तर मिळाले. ही हकीकत अक्षरशः अशीच घडली असेल किंवा सांगता सांगता तिला थोडी धारही आली असेल. परंतु त्या काळी गवयाची पायरी कोठे होती हे ज्यांस ठाऊक आहे त्यांस ती असंभाव्य वाटणार नाही. बैठकीत ज्याच्या तानेला माना डोलत त्यालाच पंगतीत बाजूला बसवीत. आणि सभ्य घरातल्या मुलाने गाणे शिकतो म्हटले तर घरात सुतकासारखी कळा येई. विष्णुपंतांच्या पुढील सर्व खटाटोपाचे बीज आम्हांस येथे दिसते. त्यांना गाणे सुधारावयाचे नव्हतेच; ग्वाल्हेरची गायकी त्यांच्या मते सुधारण्यापलीकडची होती. सुधारावयाची होती ती गाणाऱ्याची बसण्याची जागा.

यानंतरची पाच वर्षे प्रवासाची. सातारा, बडोदे, काठेवाड, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली, पंजाब असा तो मार्ग आहे. बडोद्यास राजघराण्यात त्यांच्या गाण्याचे कौतुक झाले. राहिले असते तर पोटापाण्याची ददात नव्हती. काठेवाडात त्यांनी तिकीट लावून सर्व लोकांसाठी जलसा केला. तिकिटाचे नाटक लोकांस माहीत होते, तिकिटाचे शास्त्रोक्त गाणे ही नवलाई होती. आणि आणेली देऊन आलेला मनुष्यही गाणे ऐकावयास पात्र आहे, हे या गवयाने तेव्हाच ठरवून टाकले होते. मथुरेस राहून त्यांनी व्रजभाषेचा अभ्यास केला आणि धृपदाची चिजाही मिळविल्या. गिरनारावर एका सत्पुरुषाने त्यांस पंजाबात जाण्याची आज्ञा केली असेही सांगतात. सत्पुरुषाची आज्ञा असो वा नसो, लाहोर हे शहर निवडण्यात शहाणपण होते. तेथे नवशिक्षित वर्ग वाढत होता, आर्यसमाजादि चळवळींमुळे शाळा काढण्याची आणि वर्गणी देण्याची लोकांस सवय लागलेली होती, आणि महाराष्ट्रातल्यासारखे, हा अमक्याचा शिष्य व तो तमक्याचा, असे भांडण तेथे या परक्या दक्षिणी ब्राह्मणाशी कोणी मांडणार नव्हते.

५ मे १९०१ रोजी विद्यालय उघडले. आरंभीचे काही दिवस एकही विद्यार्थी फिरकला नाही, आणि पंडितजी ठरल्या वेळी तंबोरा लावून रिकाम्या वर्गात गात बसत, अशी आठवण त्यांचे शिष्य सांगत. पुढे विद्यार्थी आले आणि वाढले. मुलींकरिता व स्त्रियांकरिताही शिकण्याची सोय झाली. कुलीन घरच्या स्त्रीने हातात तंबोरा धरणे ही गोष्ट त्या वेळी केवढी होती याची कल्पना आज येणे कठीण आहे. ज्या आमच्या मध्यम वर्गाच्या घरांत आज मुलगी संध्याकाळी गाण्याच्या क्लासास जाते आणि तिचा बाप अभिमानाने तिला पेटी घेऊन देतो, त्या घरांचा उंबरठा पंडितजींनी झिजविलेला आहे.

विद्यालय म्हणजे नुसती खोली व सतरंजी नव्हे, हे त्यांस आरंभापासून उमगले होते. वर्ग म्हटला की क्रम पाहिजे, क्रम म्हटला की पुस्तक पाहिजे, आणि पुस्तक म्हटले की स्वर कागदावर उतरविण्याची काहीतरी युक्ती पाहिजे. त्यांनी आपली स्वतंत्र स्वरलिपी बसविली. कोमल स्वरास हलन्तासारखी खूण, सप्तकांच्या निराळ्या खुणा, आणि प्रत्येक स्वराखाली त्याच्या मात्रेचे चिन्ह, अशी तिची रचना. ती बारीक आहे, नेमकी आहे, आणि खरे सांगावयाचे तर डोळ्यांस त्रासदायकही आहे. भातखंड्यांची सुटसुटीत लिपी पुढे तिच्यापेक्षा अधिक पसरली यात नवल नाही. अधू दृष्टीच्या मनुष्याने इतकी बारीक चिन्हे योजावी याचे मात्र आम्हांस नेहमी नवल वाटते. ‘संगीत बालप्रकाश’, ‘राग प्रवेश’ अशी पाठ्यपुस्तके निघाली, ‘संगीतामृत प्रवाह’ हे मासिक निघाले, छापखाना निघाला, वाद्ये दुरुस्त करण्याचा कारखाना निघाला. परीक्षा आल्या, पदव्या आल्या, पदवीदानाचे समारंभ आले. जुन्या उस्तादांस हा सगळा पोरखेळ वाटला. मारवा का वर्गात वीस पोरांस एकदम शिकविता येतो?

येत नाही, आणि ही गोष्ट पंडितजींस उस्तादांइतकीच ठाऊक होती. म्हणूनच त्यांनी विद्यालयाच्या पोटात दुसरे एक विद्यालय चालविले, त्यास उपदेशक वर्ग म्हणत. त्यातील मुले विद्यालयातच राहत. त्यांचे जेवणखाण व शिक्षण फुकट. त्याबदली काही वर्षांचा करार लिहून द्यावयाचा आणि तयार झाल्यावर संस्थेचे काम करावयाचे. पहाटे उठून मेहनत, दिवसा शिकणे व शिकविणे, पंडितजींबरोबर प्रवास, जलशात मागे तंबोरा धरणे. हे काय होते? मिरजेचे गुरुगृहच ते. फक्त त्याला वेळापत्रक व लेखी करार जोडलेला. बाहेरच्या वर्गात पगारी कारकून, वकील, विद्यार्थी संध्याकाळी येऊन चार राग ओळखावयास शिकत. आतल्या वर्गात गवई घडत. आपणांस तानसेन निर्माण करता येणार नाहीत, पण कानसेन निर्माण करता येतील, अशा अर्थाचे त्यांचे बोल सांगितले जातात. ते बाहेरच्या वर्गापुरतेच समजले पाहिजेत. हा भेद न ओळखल्यामुळे त्यांचे निंदकही चुकले आणि, आमच्या मते, त्यांचे अनुकरण करणारेही चुकले. पुढे गावोगाव ज्या गायनशाळा निघाल्या त्यांनी बाहेरचा वर्ग तेवढा उचलला.

दुसरा एक आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो टाळून चालणार नाही. गाण्यास सभ्य घरांत नेण्यासाठी पंडितजींनी त्यास स्नान घातले. चिजांतील शृंगार काढून तेथे भक्तिपर शब्द बसविले. तुलसीदास, सूरदास, मीरा यांची भजने मैफलीत आणिली. विद्यालयात प्रार्थना, व्रत, शिस्त या गोष्टींस महत्त्व दिले. परंतु ज्यांनी ही विद्या शतकानुशतके जतन केली त्यांत मुसलमान घराणी होती आणि कलावंतिणींची घरेही होती. उंबरठा ज्यांच्यासाठी उघडला ते आत आले. ज्यांनी दिवा तेवत ठेविला होता त्यांतील पुष्कळ बाहेरच राहिले. हा दोष एकट्या पंडितजींचा नव्हे, त्या साऱ्या पिढीच्या शुचितेच्या कल्पनांचा आहे. तरी त्यांच्या नावावर जमेच्या बाजूस जे लिहावयाचे त्याच पानावर हेही लिहिणे प्राप्त आहे. त्यांचे समकालीन पंडित भातखंडे हे वकील आणि संशोधक. त्यांनी मुसलमान उस्तादांकडून शेकडो चिजा मिळवून छापल्या, आणि बडोद्यास १९१६ साली संगीत परिषद भरविली, ग्वाल्हेरच्या व लखनौच्या विद्यालयांची उभारणी केली. भातखंड्यांच्या पाठीशी संस्थानिक व सरकारदरबारची वजनदार माणसे होती. पलुस्करांच्या पाठीशी त्यांचा गळा होता.

हाच आमच्या विषयाचा गाभा. लाहोरचे काम शिष्यांकडे सोपवून पंडितजींनी १९०८ साली मुंबईस गांधर्व महाविद्यालय काढिले आणि संस्थेचे केंद्र तेथे आले. मुंबईने चांगला हात दिला. विद्यार्थी वाढले, तशी स्वतःची इमारत हवीशी वाटू लागली. आणि सँडहर्स्ट रस्त्यावर ती उभी राहिली, पण कर्जाने. उपदेशक वर्गातील मुलांचा खर्च, छापखाना, शिक्षकांचे पगार, कर्जावरचे व्याज, या सगळ्याचा मेळ वर्गांच्या फीतून बसणे शक्यच नव्हते. तेव्हा पंडितजी दौऱ्यावर निघत. गावोगाव जलसे करावयाचे, पुढे पुढे रामायणाची प्रवचने करावयाची, आणि मिळेल ते मुंबईस पाठवावयाचे. म्हणजे विद्यालय काढून गवयाने मैफल सोडली असे जे आम्ही समजतो ते उलटे आहे. विद्यालय काढल्यामुळे त्यास मैफल सोडता येईना. संस्थानिकाच्या पदरी असता तर वर्षातून चार सणांस गाऊन त्याने उरलेला वेळ आपल्या विद्येस दिला असता. लोकांचा गवई झाल्यावर त्यास व्याजाच्या तारखेस गावे लागले. आणि या धावपळीत कलावंताने स्वतःशी एकांतात जो वेळ घालवावयाचा असतो तो कोठून यावा?

त्यांच्या घरातही सुख नव्हते. अनेक अपत्ये झाली ती एकामागून एक गेली. मन हळूहळू रामनामाकडे वळले. नाशकास रामनाम आधाराश्रम निघाला, जलशांची जागा कथाकीर्तनाने घेतली, आणि मिळकत घटली. धनकोंस रामनामाशी कर्तव्य नव्हते. सन १९२४ च्या सुमारास मुंबईची इमारत लिलावात गेली. वीस-बावीस वर्षे ज्या गळ्याने विटा चढविल्या त्याच्या मालकास मुंबईत आपले म्हणावयास छप्पर उरले नाही. आमच्या श्रीमंत वर्गापैकी कोणी पुढे होऊन ते कर्ज वारले असते तर? टाळ्या वाजविणारे पुष्कळ होते, हे येथे नमूद केले पाहिजे.

तथापि हा मनुष्य मोडलेला होता असे कोणी समजू नये. याच सुमाराची, १९२३ च्या डिसेंबरातील, कोकोनाडा काँग्रेसची हकीकत प्रसिद्ध आहे. काँग्रेसच्या अधिवेशनांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास ते जात असत. त्या वर्षीचे अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी, आपल्या धर्मास गायन मान्य नाही, या कारणास्तव हरकत घेतली. हे राष्ट्रीय व्यासपीठ आहे, येथे एका धर्माचा नियम चालणार नाही, असे सांगून पंडितजींनी ते पद अखेरपर्यंत म्हटले. या प्रसंगाचा उपयोग पुढे ज्याने त्याने आपापल्या मतासाठी करून घेतला आहे. आम्हांस त्यात दिसतो तो मिरजेचा जुना विद्यार्थी. सभेत गवयाने केव्हा गावे आणि केव्हा गप्प बसावे हे यजमानाने ठरविण्याचा काळ त्याच्यापुरता संपला होता.

२१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस त्यांचा अंत झाला. इमारत गेली होती, छापखाना गेला होता. उरली होती ती उपदेशक वर्गातली मुले. त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिले; त्याच्या प्रवेशिका, मध्यमा, विशारद या परीक्षा आजही गावोगाव होतात. विनायकराव पटवर्धनांनी १९३२ साली पुण्यास गांधर्व महाविद्यालय काढिले. ओंकारनाथ ठाकूर, ज्यांच्या हाती पंडितजींनी १९१६ च्या सुमारास, विशीच्या उंबरठ्यावर असतानाच, लाहोरचे विद्यालय सोपविले होते, ते पुढे काशीच्या हिंदु विश्वविद्यालयात संगीताचे प्रमुख झाले. नारायण मोरेश्वर खरे साबरमतीच्या आश्रमात गेले आणि तेथील भजनावली त्यांनी सिद्ध केली. प्रो. बा. र. देवधरांनी मुंबईस १९२५ साली आपली शाळा काढिली. कुमार गंधर्व तेथलेच. वर्गातून गवई होत नाही असे म्हणणाऱ्यांनी या नावापाशी क्षणभर थांबावे. आणि वर्गातून गवई होतो असे म्हणणाऱ्यांनीही थांबावे, कारण देवधरांनी त्या मुलास वीस जणांच्या रांगेत बसवून शिकविले नाही.

पंडितजींचे एकच अपत्य जगले. दत्तात्रेय विष्णु यांचा जन्म नाशकास २८ मे १९२१ रोजी झाला. वडील गेले तेव्हा मुलगा दहा वर्षांचा होता. ज्याने शेकडो परक्या मुलांस शिकविले त्यास आपल्या मुलास शिकविण्यास अवसर मिळाला तो असा तोकडा. चुलतभाऊ चिंतामणराव यांनी आरंभ करून दिला. नंतर नारायणराव व्यास आणि पुण्यास विनायकराव पटवर्धन यांनी, म्हणजे बापाच्याच विद्यार्थ्यांनी, बापाची विद्या मुलाच्या पदरात घातली. चौदाव्या वर्षी पंजाबात, जालंदरच्या हरवल्लभ मेळ्यात, तो प्रथम लोकांपुढे गायला. विद्यालय काढण्याच्या भरीस न पडता तो अखेरपर्यंत गातच राहिला, आणि २६ ऑक्टोबर १९५५ रोजी, चौतिसाव्या वर्षी, वारला. त्याच्या तबकड्या अजून ऐकावयास मिळतात.